हरीण सीझनमध्ये क्रॉसबो नको

सृष्टीला राग आला की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, मग कान, आणि मग तोंड सुटायचं. २००९च्या जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी या तिन्ही गोष्टी एका मिनिटात झाल्या, आणि त्याही बावीस माणसांसमोर.

जागा होती शारजाबाहेर धैद रस्त्यावरचा तिरंदाजी क्लब. क्लब म्हणजे काय, तर एक पत्र्याचं ऑफिस, एक मोठा तंबू, धनुष्यं ठेवायची कुलूपबंद खोली, आणि मागे वाळूच्या टेकड्यांमध्ये उभी केलेली बारा हरणं. हरणं फोमची. खऱ्या हरणावर बाण सोडायची बातच नव्हती, आणि कुणी सोडायला दिला असता तरी सृष्टीने सोडला नसता. तिला घरातलं झुरळ मारायलासुद्धा बाबा लागायचे.

पण फोमच्या हरणांवर तिचा भारी जीव. डिसेंबर लागला, हवा जरा माणसात आली, की क्लबचा 'हरीण सीझन' सुरू व्हायचा. दर शुक्रवारी सकाळी जोडीजोडीने वाळूत चालत जायचं आणि प्रत्येक हरणावर एकच बाण सोडायचा. छातीवरच्या लहान गोलात लागला तर दहा, भोवतीच्या मोठ्या गोलात आठ, अंगावर इतर कुठेही पाच. पाय, शिंगं, वाळू, आकाश यांना शून्य. आपलं कार्ड आपण लिहायचं नाही, आपलं जोडीदाराने लिहायचं आणि त्याचं आपण. शेवटी दोघांच्या सह्या. तेरा शुक्रवारांतले सगळ्यात चांगले पाच धरायचे, आणि ज्याची बेरीज जास्त तो सीझनचा मानकरी. ऑफिसच्या दाराशेजारी एक लाकडी बोर्ड होता, त्यावर मानकऱ्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहायचे. आतापर्यंत सहा नावं होती. सहाच्या सहा अंकल लोक.

सातवं नाव सृष्टीला आपलं हवं होतं. याच वर्षी हवं होतं, कारण तिच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच. तिच्या बाबांची, म्हणजे सूर्यकांतची, दुबई सिलिकॉन ओएसिसमधली कंपनी डिसेंबरात अर्धी झाली आणि बाबा नको असलेल्या अर्ध्यात गेले. मार्चमध्ये तिची नववीची परीक्षा संपली की सगळे पुण्याला, कायमचे. सृष्टी जन्मली शारजात, वाढली तिथल्याच रोल्ला भागातल्या एकाच इमारतीत, पण तिचा व्हिसा लटकलेला बाबांच्या नोकरीला. नोकरी गेली की घर, शाळा, मैत्रिणी, सगळं खलास. जिथे आपण जन्मलो तिथे निदान एका फळीवर आपलं नाव राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि आतापर्यंतच्या पाच शुक्रवारांनंतर ती सगळ्या अंकल लोकांच्या पुढे होती, हेही सांगायला हवं.

तर त्या शुक्रवारी क्लबचे मॅनेजर सुजीत अंकल तंबूत उभे राहिले. हा माणूस वाळवंटातही टाय लावून यायचा.

"फ्रेंड्स, परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे," ते म्हणाले.

परिस्थिती! हा शब्द ऐकला की सृष्टीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ऑक्टोबरात जगभर मंदी आल्यापासून मोठी माणसं दुसरं काही बोलतच नव्हती. शाळेतल्या दोन तुकड्यांची एक केली, का तर परिस्थिती. तिची बेस्ट फ्रेंड शुभ्रा सहामाहीच्या मध्यातच नागपूरला गेली, परिस्थिती. आईने नाचाचा क्लास बंद केला, परिस्थिती. जणू परिस्थिती नावाच्या कुणी आजीबाई गावात आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे कुणी ब्र काढायचा नाही असं ठरलं होतं.

"आपण साठ मेंबर होतो, आता बावीस आहोत," सुजीत अंकल पुढे म्हणाले. "मालक म्हणतात, नवे मेंबर आणा, नाहीतर यल्ला, चालू पडा, कुलूप. आता धनुष्य शिकायला सहा महिने लागतात. नवा माणूस थांबत नाही हो. पण हे बघा..."

आणि त्यांनी टेबलाखालून ते काढलं. क्रॉसबो. बंदुकीच्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. चावी फिरवून दोरी मागे नेऊन खिळ्याला अडकवायची, आखूड बाण ठेवायचा, नळीतून बघायचं आणि चाप ओढायचा. दोरी अडकवल्यावर आणि चाप ओढायच्या आधी तुम्ही खुशाल शिंका, चहा प्या, फोनवर बोला. ती आपली तशीच ताणलेली राहते.

"हे सहा मिनिटांत येतं," सुजीत अंकल म्हणाले. "तर प्रपोजल असं, की हरीण सीझनमध्ये आजपासून क्रॉसबोलाही परवानगी. त्याच बोर्डासाठी. हात वर करून मत घेऊ."

नाक. कान. तोंड.

"दॅट्स नॉट फेअर!" सृष्टी उभी राहून म्हणाली. "अंकल, सीझन अर्धा होत आलाय! मध्येच नियम कसा बदलता तुम्ही? आणि हे धनुष्य नाहीच्चे. मी धनुष्य ओढते ना, तेव्हा पूर्ण वेळ माझा हात थरथरत असतो. पाठ दुखते. नेम धरायला मला चार सेकंद मिळतात, पाचव्याला हात हलतो. त्या चार सेकंदांसाठी मी दोन वर्षं बोटांची सालं काढलीत! याच्यात कोण ओढतंय दोरी? तो खिळा! मग बोर्डावर खिळ्याचं नाव लिहा."

दोनचार जण हसले. सृष्टीला चेव आला.

"आणि हे चालतं तर मग बंदूकपण आणा!"

"बंदूक नको गं," मागून आवाज आला. "तिकडचे उंट बिथरतील."

या सुचित्राकाकू. सृष्टीच्या इमारतीत तीन मजले वर राहायच्या, रोल्लाच्याच एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायच्या. काका धनुष्य चालवायचे, काकू सहा वर्षं फोल्डिंगच्या खुर्चीत बसून चिवड्याचा डबा सांभाळायच्या आणि सगळ्यांच्या कार्डांच्या बेरजा तपासायच्या. त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता, हात छातीच्या वर जात नसे. त्यामुळे धनुष्य ओढायचा प्रश्नच नव्हता.

"काकू, तुम्ही तरी सांगा ना यांना!" सृष्टी म्हणाली.

"मी काय सांगू? मला वाटतं, येऊ दे." काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "सहा वर्षं मी इथे बसून दुसऱ्यांचे दहा मोजतेय. एकदा स्वतःचे मोजावेत म्हणते."

सृष्टीला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. आणि अपेक्षित नसलेल्या गोष्टीवर तिचं तोंड डोक्याच्या आधी धावायचं.

"ज्याला दोरी ओढता येत नाही त्याने रेषेवर उभंच राहू नये!"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एक्स-रेच्या काचेकडे बघावं तसं, काय मोडलंय ते शोधत.

"असं?" त्या म्हणाल्या. "बरं."

मग हात वर झाले. बाजूने तेरा, विरुद्ध आठ. शिकवणारे नूरुद्दीन मास्टर कोपऱ्यात हात खाली ठेवून उभे होते. सृष्टीने डोळे वटारले तसे हळूच म्हणाले, "मैं तनख्वाह का आदमी हूं, बेटा. मुझे मत देखो." पण खरा धक्का तो नव्हताच. त्या तेरांमध्ये एक हात निळ्या चौकटीच्या शर्टाचा होता. तो शर्ट तिने स्वतः बाबांच्या वाढदिवसाला निवडला होता.

परत येताना गाडीत ती वीस मिनिटं काही बोलली नाही, आणि सृष्टीच्या बाबतीत वीस मिनिटं म्हणजे इतरांचा एक उपास.

"बोल आता," बाबा म्हणाले. "पोटात ठेवलंस तर फुटशील."

"तुम्ही माझे बाबा आहात की सुजीत अंकलचे?"

"तुझा. पण बावीस माणसांत क्लब चालत नाही, सृष्टी."

"मग पडू दे बंद!"

"आणि नूरुद्दीन? त्याला कुठे पाठवायचं?"

"मला काय माहीत! ते मी ठरवायचं का? तुम्हा मोठ्या लोकांना नवे मेंबर हवेत ना, मग क्रॉसबोवाल्यांसाठी वेगळा सीझन काढा. मार्चमध्ये काढा. वेगळा बोर्ड लावा. कोण नको म्हणतंय? आमच्याच पंगतीत आणून कशाला बसवता? कानामागून आली आणि तिखट झाली!"

बाबांनी ओठ दाबले. "वेगळा सीझन. हे तंबूत बोलली असतीस तर मी विरोधात हात वर केला असता. तू बोललीस भलतंच."

सृष्टीने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाबा बरोबर बोलत होते. आणि आपण चिडलेलो असताना समोरच्याने बरोबर बोलणं, याच्यासारखा अन्याय दुसरा नाही.

पुढच्या आठवड्यात आठ नवे मेंबर आले. एकाने पहिल्याच दिवशी हरणाऐवजी पाण्याची टाकी फोडली. एक जण नळीतून उलट्या बाजूने बघत होता. सृष्टीला जरा बरं वाटलं. पण सुचित्राकाकूंनी क्रॉसबो हातात घेतला आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

काकू आयुष्यभर लोकांना "श्वास धरा... हलू नका... सोडा" म्हणत आल्या होत्या. आता तेच त्या स्वतःला म्हणायच्या, अगदी मोठ्याने. "श्वास धरा." क्रॉसबोचा दांडा तिकाटण्यावर टेकलेला. "हलू नका." चाप. "सोडा." आणि फोमच्या हरणाच्या छातीत धप्प! दहा. पहिल्या शुक्रवारी त्यांचे त्र्याऐंशी झाले. दुसऱ्याला सत्त्याण्णव. तिसऱ्याला एकशे सहा, आणि सगळे अंकल लोक टाळ्या वाजवायला लागले. सृष्टीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने धनुष्याची दोरी बदलली.

ती आता रागावर जगत होती म्हटलं तरी चालेल. बुधवारीसुद्धा ती बाबांना क्लबवर न्यायला लावायची. नूरुद्दीन मास्टर तिच्या कोपराला काठी लावून उभे राहायचे. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यांवर पट्ट्या लावून ती पुन्हा ओढायची. आई, म्हणजे प्रमिला, जेवताना तिच्या बोटांकडे बघून म्हणायची, "सायन्सचा पेपर काय बाणाने लिहिणार आहेस?"

"आय डोंट केअर!"

"मराठीत चिड. पुण्यात उपयोगी पडेल."

लिफ्टमध्ये काकू भेटायच्या. पूर्वी चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत दोघींची अख्खी गप्पांची मैफल व्हायची. आता सृष्टी आकड्यांकडे बघायची, चार, तीन, दोन. एकदा काकू म्हणाल्या, "अबोला धरलायस, पण नेम सुधारलाय हो तुझा." सृष्टी म्हणाली, "हो." आणि बाहेर पडल्यावर तिला इतका राग आला, इतका राग, की कशाचा तेच कळेना.

आणि हरणं! हरणांची दैना कुणी बघतच नव्हतं. दर वर्षी नवी हरणं यायची, या वर्षी परिस्थितीमुळे तीच मागची, उन्हाने पिवळी पडलेली. धनुष्याचा बाण त्यांच्यात रुतून उभा राहायचा. क्रॉसबोचा बाण घुसायचा तो कधीकधी आरपार मागच्या वाळूत. महिन्याभरात हरणांच्या छातीची चाळणी झाली.

शेवटचा शुक्रवार आला, फेब्रुवारीची सत्तावीस तारीख. सकाळी सुजीत अंकलनी आकडे वाचून दाखवले. अंकल लोक केव्हाच मागे पडले होते. पुढे दोघीच होत्या, सृष्टी आणि काकू. आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर जोडीही तीच निघाली.

"चला," काकू म्हणाल्या. "माझं कार्ड घे. अक्षर नीट काढ."

अकरा हरणं दोघी जवळजवळ न बोलता चालल्या. सृष्टी असा नेम धरत होती की तसा तिने आयुष्यात धरला नव्हता. चार सेकंद, चारच. आठ, दहा, दहा, आठ, दहा. काकूही "श्वास धरा" म्हणत चुकत नव्हत्या. आठव्या हरणापाशी वारा सुटला, काकूंच्या डोळ्यांत वाळू गेली आणि बाण हरणाच्या कमरेत लागला. पाच.

"हे हरीण लंगडत घरी जाईल," काकू म्हणाल्या. सृष्टीला हसू आलं, ते तिने गिळलं.

बारावं हरीण एका उंचवट्यावर उभं होतं. सृष्टीने आधी बाण सोडला. आठ. बाणाचं पीस मोठ्या गोलात थरथरत राहिलं. तिने दोन्ही कार्डं आणि सकाळचे आकडे पुन्हा तपासले. काकू आता नऊने मागे होत्या. काकूंना आठ मिळाले तर सृष्टी एका गुणाने जिंकली. दहा मिळाले तर काकू एका गुणाने जिंकल्या.

ती बाजूच्या खांबाशी जाऊन उभी राहिली, जोडीदाराने उभं राहायचं तिथे. दुर्बीण डोळ्याला लावली.

"श्वास धरा," काकू म्हणाल्या. "हलू नका."

सृष्टीचाच श्वास अडकला.

"सोडा."

धप्प असा आवाज आलाच नाही. नुसतं सुळ्ळ. पण सृष्टीला दिसलं. छातीच्या लहान गोलात, अगदी मधोमध, एका क्षणासाठी काहीतरी काळं घुसलं आणि हरणाच्या पाठीमागून पिवळा भुगा उडाला. वाऱ्याने तो भुगा लगेच नेला.

"गेला का गं वरून?" काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मला तर कुठेच दिसत नाही."

दोघी हरणापाशी गेल्या. लहान गोलात आधीचीच तीसचाळीस भोकं होती. त्यातलं नवं कुठलं हे देवालाही सांगता आलं नसतं. मागे वाळूचा उतार होता, वारा त्यावर नव्या रेघा ओढत होता. त्यांनी पाच मिनिटं शोधलं, बाण नाही. कार्डाच्या मागे छापलेला नियम साधा होता. न सापडलेला बाण, शून्य.

"चुकलाच असणार," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा अचानक थकलेला दिसला. "चल, लिही शून्य. जिंकलीस तू."

सृष्टीच्या हातात पेन्सिल होती. समोर कुणी नव्हतं. नूरुद्दीन मास्टर दोन टेकड्यांपलीकडे, बाबा तंबूत. भुगा वाऱ्याबरोबर गेलेला. या जगात तो बाण फक्त तिने बघितला होता. आणि तिने शून्य लिहिलं असतं तर ते खोटंसुद्धा ठरलं नसतं, कार्डाच्या मागे छापलेलं होतं. त्या फळीवर पांढऱ्या रंगात तिचं नाव. कायमचं. पुण्यात बसूनही तिला माहीत असतं की ते तिथे आहे.

आणि मग तिला राग आला. आजवर आले नव्हते तेवढे राग एकदम आले. परिस्थितीचा, सुजीत अंकलच्या टायचा, त्या खिळ्याचा, परिस्थितीमुळे न बदललेल्या हरणाचा, आणि सगळ्यात जास्त या पेन्सिलीचा, जी कुणीतरी तिच्याच हातात दिली होती. तिने कार्डावर दहा लिहिले. इतक्या जोरात, की कागद फाटला.

"अगं?" काकू म्हणाल्या.

"लागलाय. आरपार गेलाय. मी बघितलाय."

"नक्की?"

"नक्की! आणि आता परत विचारू नका, नाहीतर खोडेन!"

दोघींनी खाली सह्या केल्या.

तंबूत सुजीत अंकलनी कार्ड घेतलं, बेरीज केली, काकूंचे परत आलेले बाण मोजले आणि भुवया वर नेल्या. "बाण कुठाय?"

"सापडला नाही. पण दहा आहेत," सृष्टी म्हणाली.

"बाण नाही तर शून्य, बेटा. रूल इज रूल." आणि अंकल एकदम फुलले. "अरे, म्हणजे तूच जिंकलीस! काँग्रॅट्स! आणि किती गोड योग बघा. चौदा वर्षांची मुलगी, जाता जाता ट्रॉफी घेऊन जातेय. फेअरवेल गिफ्टच! फोटो काढू, न्यूजलेटरला टाकू."

"गोड?" सृष्टी म्हणाली.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

"गोड? जानेवारीत नियम बदलला तेव्हा मी घसा कोरडा केला, तेव्हा गोड नव्हतं ना! तेव्हा रूल इज रूल कुठे गेलं होतं? तेव्हा परिस्थिती होती! आणि आता मी जाणार म्हणून मला गिफ्ट? मला नकोय तुमचं गिफ्ट! मला ते नाव बाण मारून हवं होतं, मागून नाही! दहा लागलेत काकूंना. मी सांगतेय. माझी सही आहे त्यावर. माझी सही खोटी का?"

"खोटी नाही गं, पण प्रूफ..."

"थांबा इथेच. हलू नका!"

ती पळत सुटली. बाबा मागे, त्यांच्या मागे धापा टाकत नूरुद्दीन मास्टर. बाराव्या हरणापाशी पोचल्यावर मास्टर खाली बसले, एका भोकातून पलीकडे बघितलं आणि बोटाने वाळूत एक रेघ ओढली. "इधर खोदो."

तिघांनी हाताने उकरायला सुरुवात केली. वाळू उकरली की पुन्हा भरायची. सृष्टीच्या बोटांच्या पट्ट्या निघाल्या, फोडांत वाळू गेली, ती रडत होती का चिडत होती ते तिलाही कळत नव्हतं. बाबा गुडघ्यांवर होते, ऑफिसला घालायच्या पँटमध्ये. नाहीतरी त्या पँटला आता दुसरं काम नव्हतं.

"मी हात वर करायला नको होता," बाबा उकरता उकरता म्हणाले.

"नको होता!" सृष्टी ओरडली. "आता उकरा!"

हातभर खाली बाबांच्या बोटाला काहीतरी टोचलं. आखूड काळा बाण. त्याच्या प्लास्टिकच्या पिसांमध्ये पिवळा फोम घट्ट बसलेला.

सृष्टीने तो सुजीत अंकलच्या टेबलावर आपटला. कागद उडाले.

"हे घ्या प्रूफ. दहा. आणि आता माझं ऐका. काकू जिंकल्यात, नियमाने जिंकल्यात. पण तुमचा नियम चुकलाय. तेव्हाही चुकला होता, आताही चुकलेलाच आहे! खिळ्यावर अडकवलेली दोरी आणि हातात धरलेली दोरी एका कार्डावर मोजायची नाही. आणि ती हरणं बघा जाऊन, चाळण्या झाल्यात त्यांच्या."

सुजीत अंकलनी टाय सैल केला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि वाईट वाटलेली मोठी माणसं नेहमी करतात तेच त्यांनी केलं. मधला मार्ग काढला.

"असं करू. दोघींची नावं लिहू. जॉइंट विनर. काय सुचित्राताई, तुम्हाला चालेल ना? पोरगी निघालीये."

सगळे काकूंकडे बघायला लागले. सृष्टीही. खरं सांगायचं तर तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात, अगदी लहानशा, कुणीतरी 'हो म्हणा' असं पुटपुटलं.

काकू खुर्चीतून उठल्या.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या. "एका गुणाने का होईना, मी जिंकलेय. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा कशात तरी जिंकलेय. माझं एकटीचं नाव लिहा. आणि या पोरीने आत्ता काय केलं ते बघितलंत ना? तिला अर्धं नाव देताय? लाज वाटते का काही?"

सृष्टीला काकूंचा असा संताप आला, आणि त्या क्षणी त्या तिला इतक्या आवडल्या, की दोन्ही एकाच नाकावर मावेनात. नाक लालबुंद झालं.

नूरुद्दीन मास्टरांनी रंगाचा डबा आणला. बोर्डावर सातवं नाव लिहिलं, सुचित्रा. सृष्टी समोर उभी राहून शेवटचा काना होईपर्यंत बघत होती. तिला वाटलं होतं की बघवणार नाही. बघवलं.

काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जानेवारीत मी जे बोलले ना," सृष्टी बोर्डाकडेच बघत म्हणाली, "रेषेवर उभं राहू नये वगैरे, ते वाईट होतं. सॉरी. पण क्रॉसबोचं बोलले ते बरोबरच होतं. त्याचं सॉरी नाही."

"मागितलंय कुणी?" काकूंनी डबा उघडून पुढे केला. "वेगळा सीझन, वेगळा बोर्ड, असं काहीतरी म्हणत होतीस ना गाडीत? तुझ्या बाबांनी सांगितलं मला. मग लेखी दे की. नुसती ओरडतेस. ओरडलेलं वाऱ्यावर जातं."

"मी देऊन काय उपयोग? मी पुढच्या वर्षी नाहीये."

"तू नसशील. कागद असेल. कमिटीपुढे येईल, सुजीतला मोठ्याने वाचावा लागेल. मी विरोधात मत देणार, आधीच सांगते. मला पुन्हा जिंकायचंय. पण वाचला जाईल याची जबाबदारी माझी."

"विरोधात?"

"म्हणजे काय! तुझ्यासाठी मी माझं मत सोडू?"

सृष्टीने चिवड्याचा बकाणा भरला. सुजीत अंकलच्या टेबलावरून न विचारता एक कोरा कागद आणि पेन उचललं, आणि तंबूच्या खांबाशी मांडी घालून बसली. बोटांना पेन धरवत नव्हतं. बाबांनी गाडी दाराशी आणून हॉर्न वाजवला, घरी अर्धं सामान खोक्यांत भरायचं बाकी होतं. ती उठली नाही. तिने वर तारीख टाकली, क्लबचं नाव लिहिलं, आणि खाली सुरुवात केली: 'महोदय, हरीण सीझनमध्ये क्रॉसबोला परवानगी देणं का चूक आहे, याची माझ्याकडे नऊ कारणं आहेत. पहिलं कारण...'

बाबांनी पुन्हा हॉर्न वाजवला.

"थांबा!" सृष्टी ओरडली. "अजून आठ राहिलीत!"